जुन्या मोटारींतील धूर-झडप काढावी काय ?

अलीकडे तालुक्याच्या गांवीं जुनी डिझेलची जीप किंवा पिक-अप दुरुस्तीस नेली असतां मिस्त्री बॉनेट उघडतो आणि विचारण्यापूर्वींच सांगतो, "भाऊसाहेब, ईजीआर बंद करून टाकूं. गाडी पळेल, ॲव्हरेज वाढेल, कटकट मिटेल." दोन बोल्ट ढिले करावयाचे, मध्यें पत्र्याची एक चकती बसवावयाची आणि बोल्ट पुन्हां आवळावयाचे, अर्ध्या तासाचें काम. आमच्या पुष्कळ शेतकरी बंधूंनीं तें करून घेतलें आहे. आम्हीहि त्यांतलेच एक होतों, हें आरंभींच सांगून टाकणें बरें. कारण पुढें जें लिहीत आहों तें दुसऱ्यास उपदेश करण्याच्या ऐटींत नव्हे, तर स्वतःची चूक ओळखून लिहीत आहों.

प्रथम ही ईजीआर म्हणजे काय, तें पाहूं. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूचा थोडा भाग एका झडपेच्या वाटेनें आंत येणाऱ्या हवेंत पुन्हां सोडावयाचा, एवढीच ही योजना. हवेंत सुमारें चार-पंचमांश नायट्रोजन असतो. एरव्हीं तो निरुपद्रवी. परंतु सिलिंडरांतील ज्वाळा फार तापली म्हणजे प्राणवायूशीं त्याचा संयोग होऊन नायट्रोजनचीं विषारी ऑक्साइडें तयार होतात. जळका वायु मिसळला असतां आंतील प्राणवायूचें प्रमाण घटतें, ज्वाळेची कांहीं उष्णता तो वायु शोषून घेतो, आणि हीं ऑक्साइडें कमी निपजतात. चुलींतील विस्तवावर राख ओढून आंच मंद करावी, त्यांतलाच हा प्रकार. इंजिनावर पूर्ण भार पडला असतां ही झडप सहसा मिटलेलीच असते. म्हणून "चढावर ताकद खाते" हा तिच्यावरील आरोप, झडप निकोप असेल तर, खरा नव्हे.

परंतु झडप निकोप राहत नाहीं, ही मिस्त्र्याची तक्रार मात्र खरी आहे. धुरांतील काजळी आणि इंजिनाच्या पोटांतून येणारी तेलाची वाफ यांचा डांबरासारखा थर जमतो. झडप उघडी अडकली कीं गाडी काळा धूर ओकते, ओढ जाते आणि उभी असतांहि थरथरते. चकती बसविल्यावर डिझेल इंजिनांतील काजळी कमी होते, हेंहि खरें. खरें असेल तें कबूल केल्याशिवाय वाद घालणें अप्रामाणिकपणाचें होईल.

आमच्या जुन्या जीपला ऐन द्राक्षांच्या हंगामांत हाच रोग जडला आणि आम्हीं चकती बसवून घेतली. धूर कमी झाला. गाडी हलकी वाटूं लागली. वर्षभर आम्ही मिस्त्र्याचे गुण गात होतों. पुढें इंजिनांतून ठोके ऐकूं येऊं लागले तेव्हां दुसऱ्या एका वृद्ध कारागिराकडे गाडी नेली. त्यानें उघडून पाहिलें तों एक इंजेक्टर गळत होता, एअर फिल्टर मातीनें गच्च भरला होता, आणि गळत्या इंजेक्टरनें पिस्टनचा माथा खाल्ला होता. तो म्हणाला, "साहेब, काजळी झडपेनें केली नव्हती, काजळी तिच्यापर्यंत आली होती. ओरडणारा कुत्रा तुम्हीं बांधून ठेवलांत आणि चोर घरांतच राहिला." वर्षापूर्वीं इंजेक्टर पाहिला असता तर जें काम थोडक्यांत भागलें असतें, त्यास इंजिन उतरवावें लागलें. चकतीनें इंजिन बिघडलें असें आम्ही म्हणत नाहीं. चकतीनें बिघाड झांकला, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

पेट्रोलच्या जुन्या गाड्यांत तर लाभ याहूनहि संशयास्पद. तेथें ठिणगी केव्हां पडावी याचा हिशेब जळका वायु मिसळलेला आहे असें धरून बसविलेला असतो. वायु बंद केला आणि हिशेब तोच ठेवला, तर इंजिन ठोके देऊं लागण्याचा संभव असतो, आणि मध्यम वेगांत पेट्रोलची बचत होण्याऐवजीं खर्चच वाढूं शकतो. ज्या गाड्यांत संगणक आहे, त्यांत चकती बसतांच दिवा पेटतो. मग तो दिवा विझविण्यासाठीं आणखी एक लबाडी करावी लागते.

आतां कागदाची गोष्ट. चकती बसविल्यानंतरहि आम्हांस प्रदूषण-नियंत्रणाचें प्रमाणपत्र विनासायास मिळालें, आणि आम्ही निश्चिंत झालों. पुढें कळलें कीं, त्या तपासणींत डिझेल गाडीच्या धुराचा फक्त काळेपणा मोजतात. नायट्रोजनचीं ऑक्साइडें मोजतच नाहींत. म्हणजे ज्या दोषासाठीं झडप निर्माण झाली, तो दोष त्या कागदास दिसतच नाहीं. आमची सारी नोकरी महसूल खात्यांत गेली. चावडींत बसून केलेली पीकपाहणी आम्हीं पाहिली आहे; बारा नंबरावर ऊस आणि शिवारांत कुसळ. तो कागद नियमाप्रमाणें बिनचूक असे, आणि तरीहि खोटा असे. आमच्या खिशांतील प्रमाणपत्र त्याच जातीचें होतें. ही विद्या मोठमोठ्यांसहि अवगत आहे. २०१५ च्या सप्टेंबरांत अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानें उघडकीस आणलें कीं, फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल मोटारी तपासणीच्या वेळीं शुद्ध वागत आणि रस्त्यावर मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत हीं ऑक्साइडें सोडीत. जगभर सुमारें १ कोटि १० लाख गाड्यांत ही युक्ति होती. त्या वेळीं आम्ही सर्वांनीं त्या कंपनीस नांवें ठेविलीं. आणि आमची चकती ?

कोणी म्हणेल, हीं ऑक्साइडें शहराची पीडा. मोकळ्या रानांत राहणाऱ्या शेतकऱ्यास त्यांचें काय? या प्रश्नाचें उत्तर प्रथम शेतानेंच दिलेलें आहे. १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील लॉस एंजलिसच्या आसपास पालेभाज्यांच्या पानांवर रुपेरी आणि तांबूस डाग पडूं लागले. तेथील रसायनशास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनीं १९५२ च्या सुमारास दाखवून दिलें कीं, मोटारींचीं नायट्रोजन-ऑक्साइडें आणि इंधनाच्या वाफा यांवर ऊन पडून ओझोन वायु तयार होतो. त्यानंतर सुमारें वीस वर्षांनीं अमेरिकेंतील मोटारींस ही झडप बसूं लागली. आकाशांत उंचावर असलेला ओझोन आपलें रक्षण करतो. जमिनीलगतचा मात्र पानांच्या रंध्रांतून आंत शिरून पीक क्षीण करतो. दाणा भरत नाहीं, आणि पुष्कळदां पानावर डागहि दिसत नाहीं; मग आपण बियाण्यास आणि खतास दोष देत बसतों. गहूं, सोयाबीन आणि कापूस हीं पिकें या वायूस विशेष भितात. हीं आपलींच पिकें आहेत.

हा वायु वाऱ्याबरोबर दूर जातो, आणि शहराहून खेड्यांत त्याचें प्रमाण अधिक आढळूं शकतें. कारण शहरांतील ताजा धूर ओझोनला कांहीं अंशीं खाऊन टाकतो, खेड्यांत तसें होत नाहीं. उलट स्वच्छ हवेंत थोडीं ऑक्साइडें पडलीं तरी तीं पुष्कळ ओझोन निपजवितात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें २००५ या एका वर्षांत ओझोनमुळें देशाचा सुमारें ३५ लाख टन गहूं आणि २१ लाख टन तांदूळ बुडाला. हें सर्व जुन्या जीपांमुळें झालें असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. वीजकेंद्रें, कारखाने आणि मालमोटारी यांचा वांटा मोठा आहे. परंतु पाटाचें पाणी चोरणाराहि "माझ्या एका दांडानें धरण रिकामें होतें काय ?" असेंच विचारतो.

कायद्याचेंहि सांगितलें पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. हवेच्या प्रदूषणाचे नियम मोडणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. पकडतो कोण, असें म्हणणारे आहेत. त्यांस आमचें उत्तर नाहीं. पकडणारा नसतांना मनुष्य कसा वागतो यावरच त्याची परीक्षा होते.

शेतकऱ्याची अडचण आम्ही जाणतों. नवी झडप महाग, कंपनीचें दुकान लांब, आणि टोमॅटो गाडीची वाट पाहत थांबत नाहींत. म्हणून नुसतें "काढूं नका" म्हणून भागणार नाहीं. काय करावें, तें सांगतों. पहिलें, झडप बदलण्यापूर्वीं ती उतरवून साफ करावी. कार्ब्युरेटर साफ करण्याचा फवारा, मऊ ब्रश आणि नवें गॅस्केट एवढ्यावर पुष्कळ झडपा पुन्हां चालूं लागतात. दुसरें, काजळीचें मूळ शोधावें : एअर फिल्टर, इंजेक्टर, टर्बोची तेलगळती, वेळेवर न बदललेलें इंजिन-ऑईल, आणि तासन् तास उभी ठेवून चालविलेली गाडी. तिसरें, रेडिएटरमधील पाणी कारणावांचून घटत असेल तर ईजीआरचा कूलर फुटला आहे काय हें आधीं पाहावें. तेथें चालढकल करूं नये. चौथें, ज्या फार जुन्या गाड्यांस ही झडप मुळांतच नाहीं, त्यांच्या मालकांनीं याची चिंता करूं नये. इंजिन नीट राखावें म्हणजे झालें.

आपल्या मंडळानेंहि दोन गोष्टी कराव्या. पेरणीपूर्वीं जसें बियाणें तपासण्याचें शिबिर भरवितों, तसें हंगामापूर्वीं एखादा जाणता कारागीर बोलावून झडपा आणि इंजेक्टर तपासण्याचें शिबिर भरवावें. तसेंच झडपा आणि सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणीं वाजवी दरांत मिळावे, आणि धूर-तपासणींत झडप जागेवर व चालू आहे कीं नाहीं हें पाहिलें जावें, अशी मागणी सरकारकडे करावी. ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांस २०२३ च्या जानेवारीपासून धुराचे कडक नियम लागू झाले आहेत. तेव्हां हा प्रश्न आज जीपचा असला तरी उद्यां औताचा आहे.

आमच्या जीपची चकती आम्हीं काढून टाकली आणि साफ केलेली झडप परत बसविली. काढलेली चकती घरांत खिळ्यास टांगून ठेविली आहे. प्रमाणपत्र नवें करण्याची वेळ आली म्हणजे तिच्याकडे एकदां पाहतों, आणि मग जातों.