उतारावरचे गवत

गवत ही आपल्या घरादाराला नवी गोष्ट नाही. भारे वाहून आपल्या आया-आज्यांच्या माना दुखल्या आणि विळ्याने बोटे चिरली. पण गवत केवळ दिसायला बरे म्हणून दर आठवड्याला कापायचे, तेही ट्रॅक्टर लावून, आणि कापलेले तिथेच टाकून द्यायचे, हे आम्ही पहिल्यांदा पाहिले ते लेकीच्या दारात.

लेक-जावई अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याच्या पश्चिम भागात राहतात. कोळसा आणि पोलाद यांवर उभा राहिलेला हा टेकड्यांचा मुलूख आहे. घराच्या मागे तीन एकर जमीन, त्यातली निम्मी उताराची. मे-जूनमध्ये पाऊस झाला की आठ दिवसांत गवत वीतभर वाढते. तिकडे अनेक गावांत ठरावीक उंचीच्या वर गवत गेले की नोटीस येते. ढोर नाही, गोठा नाही, तरी गवताची चाकरी सुटत नाही. आमच्या सौ. म्हणाल्या, "दोन शेळ्या बांधल्या असत्या तर एवढा खटाटोप कशाला?" यावर जावईबापू फक्त हसले.

त्यांनी एक छोटा जुना ट्रॅक्टर घेतला होता. जपानमध्ये भातशेतीत वापरून झालेले असे ट्रॅक्टर सेकंडहँड होऊन तिकडे विकायला येतात. स्वस्त पडतात, इंजिन मजबूत असते, पण चालकाच्या डोक्यावरची लोखंडी कमान बहुधा नसते. याही ट्रॅक्टरला नव्हती. मागे पाच फूट रुंदीचा मोअर जोडलेला. पत्र्याच्या डब्याखाली तीन पाती, ती पी.टी.ओ.च्या दांड्यावर फिरतात, आणि डबा स्वतःच्या छोट्या चाकांवर गवतावरून सरकत जातो. सपाटीवर हे यंत्र इतके सुरेख काम करते की मागे गालिचा अंथरल्यासारखे दिसते. खरी गोष्ट उतारावरची.

एका शनिवारी सकाळी दव वाळायच्या आतच जावईबापू कामाला लागले. उतारावर ते आडवे चालवत होते, म्हणजे एक बाजू वर, एक बाजू खाली. आम्ही ओट्यावर चहा घेत होतो. खालचे मागचे चाक एका बिळात गेले (तिकडे घुशीपेक्षा मोठा, जमीन पोखरणारा एक प्राणी आहे) आणि वरच्या बाजूची दोन्ही चाके जमिनीवरून उचलली गेली. आमच्या हातातली बशी पडली. जावईबापूंनी कसे कोण जाणे, स्टिअरिंग उताराच्या खालच्या दिशेला वळवले. ट्रॅक्टर क्षणभर दोन चाकांवर डुलला आणि धप्पकन परत बसला. कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. नातू टाळ्या वाजवत होता, त्याला ती सर्कस वाटली.

शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ राहतात, पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी कुंपणावरून सगळे पाहिले. ते आले, आधी किल्ली काढून खिशात घातली, मग बोलू लागले. त्यांचे इंग्रजी आम्हांला निम्मेच कळे, बाकीचे लेक सांगे. वर चढवताना स्टिअरिंग फिरवले असते तर आज या घरात रडारड असती, असे ते पहिल्याच वाक्यात म्हणाले. तोल जाऊ लागला की उताराच्या खालच्या अंगाला वळवायचे, हे जावयाने नकळत बरोबर केले होते. पण रोज नकळत बरोबर होत नसते.

मग त्यांनी जे समजावले ते आम्ही वहीत लिहून घेतले. बसून चालवायच्या यंत्राने उतारावर आडवे जायचे नाही, वर-खाली चालवायचे. त्यातही सरळ तोंड वर करून चढायचे नाही. मोअरचे वजन मागे लोंबते, चढावर पुढची चाके हलकी होतात आणि ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. मागे उलटायला लागला तर उडी मारायला वेळच मिळत नाही, दीड सेकंदाच्या आत खेळ संपतो. म्हणून चढायचे ते बाजूच्या सौम्य वाटेने, आणि कापत यायचे ते वरून खाली, लहान गिअरमध्ये. चढावेच लागले तर रिव्हर्समध्ये. न्यूट्रल मधे कधीच टाकायचे नाही. उतरताना वजन पुढे जाते आणि ब्रेक असतात फक्त मागच्या चाकांना, ती ओल्या गवतावर घसरगुंडी करतात. म्हणून चारही चाकांची ओढ आधीच लावून ठेवायची. मोअर वर उचलून उतारावर वळायचे नाही, तो खालीच ठेवायचा. दोन्ही बाजूंच्या साखळ्या ताठ हव्यात, नाहीतर तो खालच्या अंगाला झोके खातो आणि ट्रॅक्टरलाही ओढतो. आणि दव वाळेपर्यंत घरात बसायचे.

हे सगळे पटले. पण कमानीचा विषय निघाला तेव्हा आमचा अहंकार आडवा आला. आम्ही आयुष्यभर एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग केले. चेसिस जोडल्या, बंपर सरळ केले. आम्ही म्हणालो, दोन इंची पाइप आणून द्या, संध्याकाळपर्यंत कमान उभी करतो, कशाला पैसे घालवता? लेकीने भाषांतर केले. शेजारी बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पोलाद मीही बनवलं आहे. तुमची कमान उभी राहील. पण ती वाकेल की तुटेल, ते तुम्हाला ठाऊक आहे का?"

प्रश्न बरोबर होता. कमानीचे काम नुसते ताठ उभे राहणे नसते. ट्रॅक्टर उलटला की तिने थोडे वाकायचे, धक्का पोटात घ्यायचा, पण चालकाची जागा चेपू द्यायची नाही. त्यासाठी पोलाद कोणते, जाडी किती, बोल्ट कोणत्या दर्जाचे आणि ती मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगवर कशी बसवायची, हे सगळे ठरलेले असते. नमुना मागून, बाजूने आणि वरून दाबून पारखतात, मगच त्यावर शिक्का बसतो. घरी जोडलेल्या पाइपाला जोडाशेजारीच तडा जाण्याची भीती, आणि तो तडा नेमका उलटण्याच्या क्षणी जातो. आमच्या हातावर आमचा विश्वास आहे. पण त्यावर जावयाचा जीव टांगायचा का? आम्ही गप्प बसलो.

या कमानीमागे बरीच माणसे मेली आहेत. अमेरिकेतल्या शेतीवरच्या अपघाती मृत्यूंत ट्रॅक्टर उलटणे हे अनेक दशके पहिल्या क्रमांकाचे कारण राहिले आहे. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना कमान सक्तीची केली आणि पुढच्या काळात तिथले असे मृत्यू झपाट्याने उतरले. अमेरिकेत नियम आला तो १९७६ साली, तोही मजूर ठेवणाऱ्या मालकासाठी. स्वतःच्या जमिनीवर स्वतः चालवणाऱ्याला तो लागू नाही. शिवाय दहा किंवा त्याहून कमी मजुरांच्या शेतावर, तिथे मजुरांची तात्पुरती वस्ती नसेल तर, तपासणीसाठी सरकारी पैसा खर्च करायला संसदेचीच मनाई आहे. लहान शेतावरच्या मजुराची तिथेही परवड! १९८५ पासून कारखानदार आपणहून जवळजवळ सर्व ट्रॅक्टरांना कमान लावू लागले. जुन्यांसाठी न्यूयॉर्क राज्यात २००६ पासून खर्चाचा मोठा वाटा शेतकऱ्याला परत देण्याची योजना आहे.

कमानीसोबत पट्टाही हवा. पट्टा नसेल तर माणूस बाहेर फेकला जातो आणि त्याच कमानीखाली सापडतो. काही कमानी झाडाखालून जाण्यासाठी किंवा गॅरेजसाठी दुमडता येतात. लोक दुमडतात आणि तशीच ठेवतात. दुमडलेल्या कमानीत पट्टा बांधून बसणे म्हणजे स्वतःला ट्रॅक्टरला जखडून घेणे, त्यामुळे कमान उभी तर पट्टा हवाच, आणि कमान दुमडलेली तर पट्टा नको व उतारही नको.

दुसऱ्या दिवशी आम्ही उतार मोजला. बसून चालवायच्या मोअरच्या पुस्तिकेत बहुधा १५ अंशांची मर्यादा लिहिलेली असते. अंश मोजायला आमच्याकडे काही नव्हते, पण चार फुटी फळी, लेव्हल आणि टेप होता. फळीचे वरचे टोक जमिनीवर टेकवायचे, लेव्हल लावून ती सपाट धरायची आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजायचे. ते १३ इंच आले तर समजा १५ अंश झाले. घराजवळ ९ इंच आले, मधल्या पट्ट्यात १२. ओढ्याकडच्या टोकाला १९! बिळाची जागा त्याच तुकड्यात होती. जावईबापूंनी टेप दोनदा धरून पाहिला.

त्या जुन्या ट्रॅक्टरला शिक्क्याची कमान काही मिळाली नाही. शेवटी तो विकला आणि हप्त्यांवर कमान-पट्ट्याचा घेतला. दुकानात आपल्याकडचा लाल महिंद्राही उभा होता. या कंपनीने १९९४ साली टेक्सासमध्ये बस्तान मांडले. कांदिवली आणि नागपूरच्या कारखान्यांत राबलेल्या वाचकांना हे वाचून बरे वाटेल. आम्ही त्याच्या मडगार्डवर हात फिरवला आणि गाव आठवले. गावी याच मडगार्डवर दोघे-तिघे बसतात, लग्नाला जाताना नातवंडेही बसवतात, आणि कमान तर आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना दिसतच नाही. आम्हीही असे बसून गेलो आहोत, एकदा कालव्याच्या भरावावरून, हातात आहेराचे भांडे घेऊन.

ओढ्याकडचा तुकडा आता कापत नाहीत. तिथे झुडपे लावली, बाकीचे आपोआप उगवले. सौ. म्हणतात, तेच जास्त शोभते. दर रविवारी लेकीचा फोन येतो. तब्येतीची चौकशी होते, मग जावईबापू फोन घेतात आणि आम्ही विचारायच्या आधीच सांगतात, "बाबा, कमान उभी होती, पट्टा लावला होता, दव वाळलं होतं."