छाटणी मे महिन्यातच का?

मे उजाडला की पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत करवती सुरू होतात. पावसाळापूर्व छाटणी! दोन दिवसांत गुलमोहराचा, पर्जन्यवृक्षाचा नुसता खराटा उरतो आणि ऐन उन्हात सावली जाते.

यामागची भीती खोटी नाही. मे २०२१च्या तौक्ते वादळात एकट्या मुंबईत शेकडो झाडे कोसळली. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ, मुळे वरवर पसरलेली. खाली रिक्षा उभ्या असतात, मुले खेळतात. सोसायटीच्या सचिवांना झाडांचे वैरी ठरवणे अन्यायाचे होईल. घेर विरळ केला की वाऱ्याचा मारा कमी बसतो, हेही खरे.

पण विरळणी वेगळी आणि शेंडा उडवणे वेगळे. शेंडा उडवलेल्या जागी धुमाऱ्यांचा झुपका फुटतो. या धुमाऱ्यांची पकड सालीजवळ, वरवरची असते. काही वर्षांत ते जाड होतात आणि वादळात तेच आधी निखळतात. म्हणजे सुरक्षेसाठी केलेल्या छाटणीतूनच पुढचा धोका वाढतो. गॅलरीत ऊन हवे म्हणून एकाच बाजूच्या फांद्या काढल्या, तर झाडाचा तोलही जातो. शिवाय मे अखेरची ताजी जखम पावसात भिजते, बुरशीला वाट मिळते. कावळ्यांची घरटीही याच दिवसांत असतात.

मोगऱ्याच्या बाबतीत आपण असे वागत नाही. थंडीत त्याचे पाणी तोडतो, छाटतो, तेव्हा उन्हाळ्यात तो कळ्यांनी लगडतो. मोठ्या झाडांनाही असाच हंगाम द्यावा, असे माझे मत आहे. मुख्य छाटणी फेब्रुवारीत, म्हणजे जखम भरायला कोरडे महिने मिळतील. मे महिन्यात फक्त वाळलेल्या, तडकलेल्या फांद्या काढाव्यात. फेब्रुवारीनंतर वाळलेली फांदी तेव्हाच दिसते, म्हणून ही दुसरी फेरी टाळता येणार नाही. खर्च दोनदा होईल, हे मान्य. छोट्या सोसायटीला तो जड जाईल, हेही मान्य. तरी पडलेले झाड उचलण्यापेक्षा तो परवडेल.

आणि मुळांचे काय? बुंध्याला भिडलेल्या पेव्हर ब्लॉकखाली मुळांना ना पुरेशी हवा, ना पाणी. असे अशक्त झाड वरून कितीही छाटले तरी वाऱ्यात टिकेल याची खात्री नाही.

छाटणीला महापालिकेची परवानगी लागते. यंदा तो अर्ज डिसेंबरातच द्या, आणि त्याआधी बुंध्याभोवतीची मीटरभर फरशी उखडून आळे मोकळे करा.