लंगोट की डायपर? हिशेबातले दोन रिकामे रकाने



गेल्या पावसाळ्यात माझी भाची पहिल्या बाळंतपणासाठी पेणला माहेरी आली. बाळ जुलैत झाले. पेणचा जुलै कसा असतो हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. आक्काने दोन जुनी सुती लुगडी फाडून बावीस लंगोट शिवून ठेवले होते. चार दिवसांतच ते कमी पडू लागले. पडवीत, खुर्चीच्या पाठीवर, पंख्याखाली, सगळीकडे लंगोटच लंगोट, आणि तरीही सकाळी हाताला लागेल तो दमट. जावई रोह्याहून आले ते डायपरचे मोठे पाकीट घेऊनच.

आक्का म्हणाली, "आमची पोरं काय याच्यावर वाढली?"

भाची म्हणाली, "आई, पण धुणार कोण? तूच ना? तुझ्या कंबरेचं काय?"

मग दोघींनी माझ्याकडे पाहिले. मामा बी.कॉम., तेव्हा हिशेब मामानेच करायचा.

हिशेब सोपा होता. एक डायपर १० रुपयांचा धरला आणि दिवसाला ५ लागले, तर महिन्याला १,५०० आणि वर्षाला १८,००० रुपये झाले. फक्त रात्री एक वापरला तर महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६००. लंगोटाचे कापड घरचेच, खर्च काय तो साबणाचा. कागदावर लंगोट जिंकला. पण लिहिता लिहिता लक्षात आले की या कागदावर दोन रकाने रिकामेच राहिले आहेत.

पहिला रकाना धुणाऱ्या हातांचा. तान्हे बाळ दिवसातून सहा-आठ वेळा तरी ओले करते, शीचे वेगळे. माझी दोन मुले लंगोटांवरच वाढली आणि त्यातला एकही लंगोट मी धुतलेला नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. "कापडच चांगले" असे म्हणणारे आम्ही पुरुष बहुधा न धुणारेच असतो. शिवाय पाण्याचा प्रश्न आहे. हेटवणे धरण तालुक्यात असूनही पेणच्या खारेपाटातल्या बायांनी हंडाभर पाण्यासाठी उन्हाळेच्या उन्हाळे वणवण केली आहे. अशा घरातल्या सुनेला लंगोटाचे गुणगान ऐकवणे बरे नव्हे.

दुसरा रकाना मला एका सकाळी दिसला. घंटागाडी आली. कचरा उचलणारी ताई आमच्याच वस्तीतली. आमची बादली ओतताना पिशवी फुटली आणि आतला डायपर तिच्या हातावर आला. तिच्या हातात मोजे नव्हते. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "भाऊ, बांधून तरी देत जा." दर चौदा एप्रिलला व्यासपीठावरून मी जे बोलतो, ते सगळे त्या क्षणी आठवले आणि मान खाली गेली. घाण साफ करायची ती ठरावीक समाजाच्या माणसांनीच, या रूढीविरुद्ध आपली सारी चळवळ, आणि माझ्याच घरची घाण मी आपल्याच भगिनीच्या हातावर टाकत होतो.

पुण्यातल्या कचरावेचक महिला बहुतांश दलित समाजातल्या. १९९३ साली त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. २०१३ मध्ये या महिलांनी वापरलेले सॅनिटरी नॅपकिन पोत्यांत भरून ते बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवले होते. तुमचा नफा आणि आमच्या हाताला घाण, हे चालणार नाही, हाच त्याचा अर्थ. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांत डायपर व नॅपकिन नीट गुंडाळून देणे घरोघरी बंधनकारक झाले, आणि त्यासाठी पाकिटासोबत पिशवी द्यावी असे कंपन्यांनाही सांगितले गेले.

डायपरमध्ये असते काय? लाकडाचा लगदा, प्लॅस्टिकचे पातळ थर आणि पाणी शोषून फुगणारे रासायनिक दाणे. तो वर्षानुवर्षे कुजत नाही. जाळला तर विषारी धूर, भोगावतीत टाकला तर नदीचे हाल. इंग्लंडच्या सरकारी अभ्यासात २००८ साली दोन्हींचा हवामानावरचा भार जवळपास सारखाच भरला होता, कारण तिकडे लंगोट गरम पाण्याच्या यंत्रात धुऊन विजेवर वाळवतात. २०२३ च्या अभ्यासात कापडाचा भार २५ टक्के कमी निघाला. आपल्याकडे तर दोरी आणि ऊन फुकटच आहे. पावसाळा तेवढा सोडून.

शेवटी आमच्या घरी ठरले ते असे. दिवसा लंगोट, रात्री, प्रवासात आणि झडीच्या दिवसांत डायपर. दमट लंगोट बाळाला बांधायचा नाही, इस्त्री फिरवून पूर्ण कोरडा करायचा. शी आधी संडासात झटकायची, मग साबणाने धुऊन भरपूर पाण्यात खळबळायचे, कारण कापडात राहिलेला साबणही बाळाला बोचतो. डायपर "अजून भरला नाही" म्हणून तासन्‌तास ठेवायचा नाही. दोन-तीन तासांनी पाहायचा आणि शी झाली की लगेच बदलायचा. दिवसातून थोडा वेळ बाळ उघडे ठेवायचे. लाली दोन-तीन दिवसांत उतरली नाही किंवा जांघेत बारीक पुरळ पसरू लागले, तर घरगुती लेप न लावता डॉक्टरांना दाखवायचे.

लंगोटाचा आणखी एक फायदा आक्काने सांगितला. किती वेळा ओला झाला ते मोजता येते, आणि त्यावरून बाळाला दूध पुरते की नाही ते कळते. पहिल्या आठवड्यानंतर दिवसातून सहापेक्षा कमी वेळा लघवी झाली तर विचारायला जावे. डायपरमध्ये हे चटकन ध्यानात येत नाही.

आणि रिकामे रकाने? जावई सुट्टीला आले की लंगोट तेच धुतात. सुरुवातीला आक्का संकोचली, आता साबण काढून देते. वापरलेला डायपर मी स्वतः वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळतो, त्यावर लाल खूण करतो आणि वेगळाच ताईच्या हाती देतो. दोन मिनिटांचे काम आहे.

ज्यांच्या घरी पाळणा हलतो आहे, त्यांनी आपल्या सोयीने लंगोट घ्यावा की डायपर ते ठरवावे. फक्त तो धुणार कोण आणि उचलणार कोण, हे दोन रकाने आधी भरावेत. पुरुष बंधूंनी तर पहिल्या रकान्यात आपले नाव लिहूनच सुरुवात करावी.