एव्हरेस्टनंतरची ५५ वर्षं

न्यूझीलंडला जाऊन आलेल्या एखाद्या मित्राकडे तिथली पाच डॉलरची नोट उरली असेल तर मागून घ्या आणि नीट बघा. लांबोडका चेहरा, विस्कटलेले केस, पाठीमागे बर्फाचा डोंगर आणि त्याच नोटेवर एक चक्क ट्रॅक्टर! ही नोट १९९२ साली निघाली तेव्हा तिच्यावरचा माणूस हयात होता, बाजारात भाजी घेताना स्वतःचाच फोटो दुकानदाराला देत होता. आपल्याकडे असं काही झालं असतं तर त्या माणसाभोवती झेड सिक्युरिटी असती. याचा तर घरचा फोन नंबर ऑकलंडच्या डिरेक्टरीत छापलेला असायचा. कुणीही फोन करावा.

सर एडमंड हिलरी. शाळेत जी.के.च्या पेपरात एका मार्काला यायचा तो. २९ मे १९५३, तेनसिंग नोर्गे आणि हिलरी, पहिली एव्हरेस्ट चढाई. टिक. पुढचा प्रश्न. पण जरा हिशोब करा राव. ते दोघं शिखरावर जेमतेम पंधरा मिनिटं होते. हिलरी जगला ८८ वर्षं. उरलेल्या आयुष्याचं काय केलं त्यानं? आज त्याबद्दल. (न्यूझीलंडमध्ये सगळे त्याला नुसतं ‘एड’ म्हणायचे, म्हणून आपणही एकेरीतच बोलू.)

मूळ धंदा मधमाशीपालनाचा. बापाचाही तोच. सगळं काम उन्हाळ्यात, त्यामुळे हिवाळा डोंगरासाठी मोकळा. फ्लेक्सी टायमिंग म्हणतात ते हेच! सोळाव्या वर्षी शाळेच्या सहलीत माउंट रुआपेहू बघितला आणि कामातून गेला. आपल्यातले कित्येक जण पहिल्यांदा राजगड बघून असेच कामातून गेलेत, फरक इतकाच की आपण सोमवारी परत लॉग-इन करतो.

एव्हरेस्ट चढला, ‘सर’ झाला, जगभर नाव झालं. आणि लुईझ रोझला लग्नाचं विचारायची मात्र हिंमत होईना. ती सिडनीत संगीत शिकत होती, व्हायोला वाजवायची. तिचे वडील न्यूझीलंडच्या गिर्यारोहण क्लबचे अध्यक्ष. शेवटी हिलरीनं काय करावं? होणाऱ्या सासूबाईंनाच गळ घातली. त्यांनी ऑकलंडहून सिडनीला लेकीला फोन लावला आणि जावयाच्या वतीनं विचारून टाकलं! जगातल्या सगळ्यात उंच जागी उभा राहून आलेला माणूस, तेहेतीस-चौतिसाव्या वर्षी, फोनजवळ घुटमळतोय. ३ सप्टेंबर १९५३ रोजी लग्न झालं. मधुचंद्र म्हणजे व्याख्यानांचा दौरा.

मुलं तीन. पीटर, सारा आणि धाकटी बेलिंडा. आता ‘कुटुंबवत्सल’ हा शब्द हिलरीला लावायचा का, यावर आपल्या बायका भांडतील आणि त्यांचं बरोबरही आहे. १९५६च्या अखेरीस गडी अंटार्क्टिकाला निघाला तो वर्षभराहून जास्त काळ तिकडेच होता. ४ जानेवारी १९५८ला फर्ग्युसन ट्रॅक्टर हाकत दक्षिण ध्रुवावर पोचला (नोटेवरचा ट्रॅक्टर तो हाच). घरी लुईझ, दोन चिमुरडी पोरं आणि मदतीला आईवडील. म्हणजे डायपर बदलणाऱ्या आजच्या बाबांच्या रांगेत तो बसत नाही.

पण नंतर त्यानं एक गोष्ट केली. घर आणि डोंगर यातलं एक निवडण्याऐवजी घरच उचलून डोंगरात नेलं. मुलांना घेऊन कॅम्पिंग, समुद्रकिनारे, आणि हो, थेट हिमालय. लुईझनं त्या प्रवासावर ‘अ याक फॉर ख्रिसमस’ नावाचं पुस्तकच लिहिलं. लहान पोरांना घेऊन शेर्पांच्या गावात नाताळ करायचा! आपण लोणावळ्याला जाताना पोरांसाठी तीन बॅगा भरतो.

त्या गावांत जायचं कारण म्हणजे शाळा. हिलरीनं १९६०मध्ये हिमालयन ट्रस्ट काढला आणि १९६१मध्ये खुमजुंगला पहिली शाळा उभी केली. शेर्पांनी मागितलं ते. त्यांना शाळा हवी होती, याला त्यांचं ऋण फेडायचं होतं. मग १९६६मध्ये कुंदेला हॉस्पिटल. सामान न्यायचं कसं? म्हणून १९६४मध्ये लुक्लाला धावपट्टी. जमीन दाबायला रोलर नव्हता, तर शेर्पांना बोलावलं, हातात हात गुंफून त्यांचा पाय आपटत करायचा नाच सुरू केला आणि धावपट्टी सपाट! आज एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकला जाणारे आपले पुण्या-मुंबईचे पब्लिक जिथे श्वास रोखून उतरतं, ते हेच लुक्ला. २००८पासून विमानतळाला तेनसिंग-हिलरी असं नाव आहे.

इथवर गोष्ट छान आहे. आता १९७५.

फाफ्लू नावाच्या गावात हॉस्पिटलचं बांधकाम चालू होतं. हिलरी तिकडे, लुईझ आणि सोळा वर्षांची बेलिंडा काठमांडूत. ३१ मार्चला दोघी छोट्या विमानानं त्याच्याकडे यायला निघाल्या. काठमांडूहून उडाल्या उडाल्या विमान कोसळलं. तो तिकडे वाट बघत होता. विमान आलंच नाही. आलं ते हेलिकॉप्टर, बातमी घेऊन.

जे डोंगर त्यानं घरच्यांना दाखवले, ज्यांच्यावर त्यांना प्रेम करायला लावलं, तिथंच येताना त्या गेल्या. या विचारातून माणूस बाहेर कसा पडतो? हिलरी बराच काळ पडला नाही. तो खचला. व्हिस्की आणि झोपेच्या गोळ्यांवर रात्री काढल्या आणि पुढे हे त्यानं स्वतः लपवलं नाही. दुःख झालं की आपल्या पिढीला ‘मूव्ह ऑन’ म्हणायची भारी घाई असते. तीन महिन्यांत स्टेटस बदलावं लागतं. याला काही वर्षं लागली आणि त्या काळात मुलांशीही त्याचं नीट जमत नव्हतं, विशेषतः पीटरशी. दोघंही एकाच दुःखात, आणि बोलणार कोण?

एवढं मात्र केलं. फाफ्लूला परत गेला आणि हॉस्पिटल पुरं केलं. त्याच वर्षी.

१९७७मध्ये तो आपल्या देशात आला. गंगासागरपासून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध, जेटबोटी घेऊन, थेट हिमालयाकडे! बरोबर पीटर. घाटाघाटांवर माणसं लोटली, गंगामैयाच्या उलट्या यात्रेला आलेला हा उंच गोरा साहेब बघायला. नंदप्रयागजवळ धबधब्यानं बोटी अडवल्या, तिथून चालत वर निघाले. बद्रीनाथच्या वरच्या भागात हिलरीला उंची बाधली, हेलिकॉप्टरनं खाली आणावं लागलं. एव्हरेस्टवीराला! वय ५८. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या मोहिमांमधली मला आवडणारी हीच. रेकॉर्ड वगैरे काही नव्हतं त्यात. एक बाप आणि एक पोरगा, फारसं न बोलता, एका नदीतून वर चाललेत.

नशीब तरी किती खेळ करतं पाहा. त्याचा जुना दोस्त पीटर मल्ग्रू. मकालूवर दोघं बरोबर होते, त्या मोहिमेत मल्ग्रूचे दोन्ही पाय गेले. २८ नोव्हेंबर १९७९ला अंटार्क्टिका दाखवायला निघालेल्या विमानात प्रवाशांना माहिती सांगायला खरं तर हिलरी जायचा होता, त्याच्याऐवजी मल्ग्रू गेला. विमान माउंट एरेबसवर आपटलं, २५७ जण गेले. पुढे मल्ग्रूची पत्नी जून आणि हिलरी, दोघं एकमेकांना आधार झाले. १९८५ ते १९८९ तो न्यूझीलंडचा हाय कमिशनर म्हणून दिल्लीत होता, जून बरोबर होती. १९८९च्या डिसेंबरात लग्न केलं. वय ७०. लोक काय म्हणतील, हा प्रश्न न्यूझीलंडातही असतोच की!

१९९०च्या मे महिन्यात ऑकलंडच्या घरी फोन आला. एव्हरेस्टच्या माथ्यावरून पीटर बोलत होता. बाप-लेक दोघांनीही एव्हरेस्ट चढल्याची ही पहिलीच जोडी मानतात. १९५३मध्ये शिखरावर हिलरीनं तेनसिंगचा फोटो काढला होता, त्याचा स्वतःचा मात्र माथ्यावरचा एकही फोटो नाही. पोराचा आवाज मात्र थेट तिथून घरात आला.

११ जानेवारी २००८ला ऑकलंडमध्ये तो गेला. सरकारी इतमामानं अंत्यसंस्कार झाले, रक्षा हाउराकीच्या आखातात सोडली. दोन वर्षांनी, त्याच तारखेला, ऑकलंडच्या पश्चिमेला वाइटाकेरेच्या जंगलातून जाणारी पायवाट त्याच्या नावानं खुली झाली. पुतळ्यापेक्षा हे बरं. खुमजुंगच्या शाळेतून शिकून गेलेल्या पोरांपैकी कुणी वैमानिक झालं, कुणी डॉक्टर. शेर्पा त्याला ‘बुर्रा साहेब’ म्हणायचे, म्हणजे मोठा साहेब. त्या गावांतल्या घरांत अजूनही देवादिकांच्या चित्रांशेजारी त्याचा फोटो सापडतो, लांबोडका चेहरा, विस्कटलेले केस आणि गळ्यात पांढरे खाता.