हिरड्यांतलं रक्त अंगावर काढू नका!

पिंपरी, भोसरी, तळवडे, चाकणच्या कामगार बंधू-भगिनींनो,

सकाळी चूळ भरताना थुंकीत रक्त दिसतं का? मग हे आवाहन तुमच्यासाठीच आहे.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे टाळेबंदी लागली. दंतोपचाराच्या यंत्रामुळे लाळेचे तुषार हवेत उडतात, म्हणून तेव्हा फक्त तातडीचे दंतोपचार सुरू ठेवले गेले. तेव्हा ते योग्यच होतं. साथ ओसरली, तिन्ही पाळ्या सुरू झाल्या. पण दातांची तपासणी अनेकांच्या बाबतीत ‘बघू नंतर’वरच अडकली आहे.

२०२१ मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराने काय केलं, ते आठवा. कोविडमधून उठलेल्या, त्यातही मधुमेह असलेल्या अनेकांचे दात हलू लागले. काहींचा जबडा काढावा लागला. तो आजार वेगळा होता, पण तोंडाचं दुखणं टाळायचं नसतं, हे त्याने दाखवून दिलं.

हिरड्यांचा आजार बहुतेकदा दुखत नाही. दातांच्या मुळाशी साचलेला मऊ थर कडक होतो, मग तो ब्रशने निघत नाही. हिरडी सुजते, रक्त येतं. याच टप्प्यावर उपचार घेतले तर ती पूर्ववत होते. उशीर झाला तर आतलं हाड झिजतं, आणि झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. मधुमेह असेल तर हा आजार बळावतो आणि साखरही आटोक्यात राहत नाही.

रक्त येतं म्हणून घासणं सोडू नका. मऊ ब्रशने दोन वेळा घासा. रात्रपाळी असेल तर सकाळी घरी आल्यावर, झोपण्याआधी घासा. मिश्री, तंबाखू, गुटखा बंद करा. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे आजार लपून राहतो. ‘दात साफ केले की हलतात’ हा गैरसमज आहे. दात आधीच सैल झालेले असतात, साचलेला थर निघाल्यावर ते जाणवतं, इतकंच.

ज्यांची सुट्टी गुरुवारी असते, त्यांना सरकारी बाह्यरुग्ण विभाग उघडे मिळतात. वायसीएम रुग्णालय किंवा पिंपरीचं दंत महाविद्यालय गाठा. ईएसआयचं कार्ड असेल तर ते वापरा. कंत्राटी कामगारांनी ठेकेदाराकडे त्याची चौकशी करावी.

कारखानदारांनो, वार्षिक आरोग्य तपासणीत दंतवैद्यालाही बोलवा आणि उपचारासाठी जाणाऱ्याचा खाडा धरू नका.

रक्त येत असेल तर येत्या सुट्टीलाच तपासून घ्या. दात हलायची वाट पाहू नका.