संध्याकाळी पाचचे मजूर

साक्षीची वेळ आली की मंडळीत काही माणसं मान खाली घालतात. पाळक विचारतात, "कुणाला देवाचे आभार मानायचेत?" आणि एकेक जण उभा राहतो. मुलाला नोकरी लागली, कर्ज मंजूर झालं, घराचा ताबा मिळाला, डॉक्टर म्हणाले गाठ साधी आहे. सगळे 'आमेन' म्हणतात, म्हणायलाच हवं. पण त्याच बाकावर एखादी बाई अशीही बसलेली असते की जिची गाठ साधी निघाली नाही. उपास तिनेही केले होते. दशमांश तिनेही दिला होता. रात्रभराच्या प्रार्थनेला पदर डोक्यावर घेऊन तीही बसली होती. ती उठून काय सांगणार? तिच्या मनात एकच घोळत असतं, माझं कुठे कमी पडलं?

मला जे सांगायचं आहे ते मुख्यतः तिला सांगायचं आहे. उभं राहिलेल्यांनीही ऐकायला हरकत नाही.

बाई, तुमचं काही कमी पडलेलं नाही. देवाघरी तुमच्या नावाचं खातं उघडलेलं नाही, त्यामुळे ते तुटीत जाण्याचाही प्रश्न नाही. आपण ख्रिस्ती माणसं 'कृपा, कृपा' उठता-बसता म्हणतो आणि मनात मात्र जमाखर्च लिहीत राहतो. इतके उपास केले, इतके अध्याय वाचले, इतकी वर्षं रविवार चुकवला नाही, मग आता देवाने एवढं तरी करावं. यात प्रोटेस्टंट-कॅथलिक असा भेद नाही. एकाची साखळी प्रार्थना असते, दुसऱ्याचा नोव्हेना. सप्टेंबरात बांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला असतात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो, ज्याला घर हवं तो मेणाचं घर. मला त्या माणसाला हसवत नाही. आपलं दुखणं हातात धरून तो इतक्या पायऱ्या चढून आलेला असतो आणि ते दुखणं तो देवापुढे ठेवतो, यात वावगं काही नाही. गडबड होते ती उतरताना, 'किंमत मोजली, आता माल आला पाहिजे' असं मनात घेऊन तो पायऱ्या उतरला तर.

येशूने हा हिशेब मोडण्यासाठी एक गोष्ट सांगितली, मत्तयाच्या विसाव्या अध्यायात आहे. सगळ्यांना माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर फारशी कुणाला आवडत नाही. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर आणायला जातो. एक दिनार ठरतो, म्हणजे त्या काळची दिवसाची मजुरी. मग तो पुन्हा नऊच्या सुमारास जातो, बाराला जातो, तीनला जातो आणि दिवस मावळायला तासच उरलेला असताना पाचलाही जातो. संध्याकाळी मजुरी वाटताना शेवटच्यांना आधी बोलावतो आणि पूर्ण दिनार देतो. पहाटेचे मजूर मनात मांडे खातात, आपल्याला जास्त मिळणार! त्यांनाही तेवढाच दिनार मिळतो आणि ते कुरकुर करतात.

ही गोष्ट कळायला एकदा मजूर अड्ड्यावर जाऊन उभं राहावं. आपल्याकडे प्रत्येक शहरात असा नाका असतो. सकाळी सात-साडेसातला तिथे चहाच्या टपरीभोवती माणसं जमतात. कुणाच्या पिशवीत थापी आणि ओळंबा, कुणाजवळ घमेलं, एखादीच्या कडेवर लेकरू. टेम्पो थांबला की सगळे धावतात, आणि मुकादम दंड बघून माणसं उचलतो. दहापर्यंत नाका विरळ होतो. त्यानंतर तिथे कोण उरतं ते बघा. पन्नाशी उलटलेला, लंगडणारा, आदल्या दिवशी ज्याचं मुकादमाशी भांडण झालं तो, आणि ती लेकरूवाली. हे लोक आळशी म्हणून उरलेले नाहीत. त्यांना कुणी उचललेलं नाही. तरीही ते लगेच घरी जात नाहीत, कारण रिकाम्या हाताने घरी जाऊन चुलीपुढे काय सांगायचं? गोष्टीतला मालक पाच वाजता विचारतो की तुम्ही दिवसभर इथे रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. माझ्या मते सगळी गोष्ट या उत्तरात आहे. मालकाने त्यांचे तास मोजले नाहीत. घरी खाणारी तोंडं तेवढीच आहेत, हे बघून पैसे दिले.

आता एक बोचरं बोलतो. ही गोष्ट वाचताना आपण सगळे स्वतःला पहाटेच्या रांगेत उभं करतो. आमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, आमच्या आजीने देवळाच्या पायाचे दगड वाहिले, आम्ही तिसऱ्या-चौथ्या पिढीचे ख्रिस्ती. मग काल मंडळीत आलेल्या, अजून कपाळावरचं गोंदण तसंच असलेल्या बाईला आपल्याइतकाच मान मिळाला की पोटात दुखतं. कुरकुर करणारे मजूर कोण, हे मंडळीच्या कमिटीच्या निवडणुकीत चांगलं दिसतं. ज्याला आपण पाचचे मजूर आहोत हे उमजलं, त्याला मात्र हातातल्या दिनाराकडे बघून रडूच कोसळेल.

कुणी म्हणेल, सगळं फुकटच मिळणार असेल तर चांगलं वागायचं कशाला? हा प्रश्न जुना आहे. पौलालाही विचारला गेला होता आणि रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात त्याने त्याचं सडेतोड उत्तर दिलं आहे. याच विषयावरून सोळाव्या शतकात युरोपातली ख्रिस्तमंडळी दुभंगली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत ऑग्सबर्ग इथे लुथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपल्या पुण्याईने नव्हे तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो आणि चांगली कामं त्यातूनच उगवतात, एवढ्यावर दोघांचं एकमत झालं. त्याला साडेचारशेहून जास्त वर्षं लागली. आपल्याला एखादं आयुष्य लागलं तर लाजायला नको.

पण मला पौलापेक्षा इथे जक्कय जवळचा वाटतो. यरीहोचा जकातदार, लोकांना नाडून गब्बर झालेला, उंचीने बुटका म्हणून झाडावर चढलेला. येशूने त्याला आधी सुधारायला सांगितलं नाही. खाली उतर, आज मला तुझ्याकडे उतरायचं आहे, एवढंच म्हणाला. गावाने नाकं मुरडली. आणि मग, म्हणजे येशूने त्याचा पाहुणचार पत्करल्यावर, जक्कय उभा राहिला आणि म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. हा क्रम नीट बघा. स्वीकार आधी, परतफेड नंतर. पण परतफेड झाली, आणि रोख झाली, हेही बघा. म्हणून दारू पिऊन बायकोला मारणारा नवरा रविवारी रडून क्षमा मागतो आणि मंडळीतले वडीलधारे तिला म्हणतात, "देवाने त्याला क्षमा केली, तूही कर, घरी जा", तेव्हा ते कृपेचं नाव घेऊन अन्याय करत असतात. कृपा खरोखर पोचली असेल तर तो आधी दारू सोडायच्या उपचाराला जाईल. तोवर ती माहेरी राहिली तर तिचा विश्वास कमी होत नाही, आणि पोलिसांत गेली तरी होत नाही.

भरवशाबद्दलही असाच घोटाळा आहे. देवावर भरवसा म्हणजे हात जोडून बसणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी दौंडजवळच्या केडगावला जाऊन यावं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला झाला. पण त्यांनी पुढे आपल्या साक्षीत मोकळेपणाने सांगितलं की त्यानंतर आठेक वर्षं त्यांच्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. नियम पाळणं चालू होतं, स्वस्थता नव्हती. हे कबूल करणारी बाई संस्कृतची पंडिता होती, कलकत्त्याने तिला 'सरस्वती' म्हटलं होतं. आपल्यासारख्यांना आठ वर्षं अस्वस्थ वाटलं तर नवल काय?

ज्या दिवशी आपण आपल्या बळावर तरत नाही हे त्यांना पटलं, त्यानंतर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. कोण कुठली, जात कोणती, उपकार फेडेल का, असा हिशेब केला नाही. केडगावात विहिरी खणल्या, माग लावले, गाई-म्हशी पाळल्या, छापखाना काढला आणि मुलींना खिळे जुळवायला शिकवलं. उद्याचं पीठ कुठून येणार हे ठाऊक नसताना त्या प्रार्थना करत, आणि प्रार्थना संपली की शेतात जात. त्यांच्या भरवशाला हातपाय होते.

आणि त्यांचा आयुष्यभराचा हिशेब मांडून बघा. लहान वयात दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली. मग भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं होण्याआधी नवरा पटकीने गेला. एकुलती एक मुलगी मनोरमा, आईच्या कामाची खरी वारस, ती जुलै १९२१ मध्ये गेली. त्यानंतर वर्षही झालं नाही तोच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई गेल्या. मधल्या महिन्यांत त्या पवित्र शास्त्राच्या भाषांतराचं काम करत होत्या, मूळ हिब्रू-ग्रीकवरून, बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत. जो म्हणतो की विश्वास भक्कम असेल तर घरात दुःख येत नाही, त्याने केडगावच्या मातीवर उभं राहून हे म्हणून दाखवावं.

म्हणूनच टीव्हीवरच्या आणि मोबाइलवरच्या त्या उपदेशकांपासून सांभाळा. 'बी पेरा, शंभरपट मिळेल' असं म्हणून खाली खात्याचा नंबर दाखवतात ते. दान जरूर द्या. आपल्या मंडळीतल्या विधवेला द्या, शाळेची फी थकलेल्या पोराला द्या, पाळकांचा पगार वेळेवर द्या. पण परताव्याच्या आशेने दिलेले पैसे दान नसतात, ती गुंतवणूक असते, आणि तीही बुडीत. शंभरपट आलं नाही म्हणून विचारायला गेलात तर उत्तर तयार असतं, तुमचा विश्वास कमी पडला. पौलाच्या अंगात एक काटा होता. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरे, या अर्थाचं उत्तर मिळालं आणि काट्यासकटच तो पुढचे प्रवास करत राहिला. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने मागितलं होतं की हा प्याला टळावा, तोही टळला नाही. मग या दोघांचा विश्वास कमी होता, असं हे उपदेशक म्हणणार काय?

घरच्या घरी पाळायची एक गोष्ट सांगतो. भरवशाने मोठी उडी घेण्याआधी ज्या माणसाला त्याची झळ बसणार त्याला विचारा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. फार मोठं धाडस होतं ते. पण टिळकांच्या घरात भरवसा टिळकांचा आणि महिनाअखेर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची, अशी वाटणी होती, हे लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला हसता हसता कळतं. नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेला निघालेल्या प्रत्येक तरुणाने ते पुस्तक बायकोच्या आधी स्वतः वाचावं.

आजारपणात काय करायचं, हा प्रश्न वारंवार येतो. डॉक्टरकडे जा. गोळ्या वेळेवर घ्या. मधुमेहाची, झटक्याची, मनाच्या आजाराची औषधं 'विश्वासाने' बंद करू नका, तुमच्यासाठी कुणी कितीही हात ठेवून प्रार्थना केलेली असो. देवाने बरं केलं असेल तर ते रक्ताच्या तपासणीतही दिसेल, आणि गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टर सांगतील. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता असं पौलाच्या पत्रात आहे, म्हणजे त्या मंडळींना वैद्याचं वावडं नव्हतं.

आणि रोज सकाळी प्रार्थनेला बसताना काही दिवस असं करून बघा. मागण्यांची यादी आधी वाचू नका. काल आपल्या हातून काय घडलं, काय राहिलं, कुणाला काय लागेल असं बोललो, ते आहे तसं देवापुढे ठेवा, सफाई न देता. मग थोडं गप्प बसा. त्याने आपल्याला त्यासकट ठेवून घेतलं आहे, हे पचायला वेळ लागतो. यादी मग वाचा. ती जरा आखूड झालेली आढळेल, आणि तिच्यात शेजाऱ्याचं नाव शिरलेलं असेल.

मंडळीतलं कुणी इस्पितळात असेल तर भेटायला जाताना उपदेश घरी ठेवून जा. 'यात देवाची काहीतरी योजना असेल' हे वाक्य तर मुळीच नको. योजना असेलही, पण ती तुम्हाला कुणी कळवलेली नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस-सात रात्री त्याच्याजवळ मुकाट जमिनीवर बसले, तोवर त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. त्यापेक्षा डबा न्या, कमी तिखटाचा. रात्री थांबणाऱ्या मुलीला म्हणा, आज मी थांबते, तू घरी जाऊन झोप. विम्याचे कागद भरायला मदत करा, खालच्या दुकानातून औषधं आणून द्या. प्रार्थना करायची असेल तर हात हातात घेऊन हळू आवाजात करा. मोठ्याने करायची असेल तर शेजारच्या खाटेवरच्या माणसाला आधी विचारा.