कापलेल्या बोटाने प्लॅटफॉर्म बुडत नाही

#थ्रेड #इतिहास

२६ जुलै २००५ म्हटले की मुंबईला सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस आठवतो. दुसऱ्याच दिवशी, शहराच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात आणखी एक अनर्थ घडला. मुंबईच्या स्मृतीत त्याला फारशी जागा मिळाली नाही. (१/११)

'समुद्र सुरक्षा' या नौकेवरील एका आचाऱ्याच्या बोटांना इजा झाली. खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर उपलब्ध नव्हते. म्हणून ओएनजीसीच्या 'मुंबई हाय नॉर्थ' प्लॅटफॉर्मजवळ नौका नेऊन, क्रेनला टांगलेल्या पाळण्यातून त्याला वर चढवण्याचे ठरले. त्या धडपडीत लाटेने नौका उचलली आणि तिचे हेलिडेक गॅसच्या रायझरवर आदळले. रायझर म्हणजे समुद्रतळावरून प्लॅटफॉर्मवर चढणारी उभी वाहिनी. (२/११)

पुढचे सारे सुमारे दोन तासांत आटोपले. १९८१ पासून उभा असलेला प्लॅटफॉर्म जळून समुद्रात कोसळला. ३८४ माणसांपैकी ३६२ वाचली, २२ गेली. पेटलेली नौकाही काही दिवसांनी बुडाली. (तिच्या नावातला उपरोध अनेकांनी नोंदवला आहे, त्यातून कळत मात्र काहीच नाही.) (३/११)

तेव्हापासून ही घटना एकाच वाक्यात सांगितली जाते: आचाऱ्याचे बोट कापले आणि प्लॅटफॉर्म बुडाला. वाक्य चटकदार आहे, लक्षात राहते. पण ते अन्यायकारक आहे. केवळ त्या आचाऱ्यावर नव्हे, तर घटनेच्या कार्यकारणभावावरही. बोट हे निमित्त झाले. जिथे नौका लागतात त्या बाजूलाच गॅसने भरलेल्या वाहिन्या असणे आणि त्यांचे संरक्षक कठडे मोठ्या नौकेचा धक्का सोसण्याजोगे नसणे, ही स्थिती त्या दिवसाच्या कितीतरी आधीपासून होती. (४/११)

जोखमीचे मूल्यमापन म्हणजे नेमके हेच: शेवटची चूक कोण करील हे न पाहता, ती चूक झाली तर तिला काय काय भेटेल हे आधी मोजणे. जखमी माणसाला हलवणे योग्यच होते. मोठ्या नौकेने प्लॅटफॉर्मजवळ येणे हा रोजचा व्यवहार होता. ही दोन्ही कामे पावसाळी समुद्रात, रायझरच्या शेजारी एकत्र आली तर काय, हा प्रश्न आधीच विचारून ठेवायचा होता. (५/११)

आणि तो विचारण्यासाठी लागणारे ज्ञान २००५ मध्ये नवे नव्हते. त्यासाठी १७ वर्षे मागे, उत्तर समुद्रात जावे लागते. ६ जुलै १९८८, स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून दूर 'पायपर अल्फा'. दुरुस्तीसाठी एका पंपाची सुरक्षा-झडप काढलेली होती. तिच्या जागी नुसती झाकणपट्टी बसवली होती. ही माहिती रात्रपाळीपर्यंत पोहोचली नाही. दुसरा पंप बंद पडला, म्हणून हा सुरू केला गेला. (६/११)

इथेही चटकदार वाक्य तयार आहे: एक कागद हरवला आणि १६७ माणसे गेली. परंतु पहिला स्फोट प्लॅटफॉर्म संपवण्याइतका मोठा नव्हता. मूळ रचना तेलासाठीची होती. गॅसची यंत्रे नंतर आली. भिंती आग रोखणाऱ्या होत्या, स्फोट रोखणाऱ्या नव्हत्या. शेजारच्या प्लॅटफॉर्मचे उत्पादन लगेच थांबले नाही. सुमारे वीस मिनिटांनी 'टार्टन'कडून येणारी गॅसवाहिनी फुटली. हेलिकॉप्टरची वाट पाहत निवासकक्षात थांबलेली बहुतेक माणसे तिथेच धुराने गुदमरली. (७/११)

सर्वांत बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. दाबाखालच्या गॅसची आग दीर्घकाळ चालली तर प्लॅटफॉर्मवरून सुटका जवळपास अशक्य होईल, असे एका सल्लागाराने १९८६ मध्येच कंपनीला लिहून दिले होते. मूल्यमापन झाले होते. शक्यता इतकी अल्प मानली गेली की त्यावरून कुणालाच काही बदलावेसे वाटले नाही. कागद हरवलाच असेल, तर तो हा. (८/११)

लॉर्ड कलन यांच्या चौकशीने नोव्हेंबर १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या. साऱ्या स्वीकारल्या गेल्या. त्यांचा गाभा असा: सरकारी यादीतील रकान्यांवर खुणा करणे पुरेसे नाही. प्लॅटफॉर्म चालवणाऱ्यानेच स्वतःचे मोठे धोके शोधून, ते आटोक्यात कसे ठेवले आहेत हे नियामकाला सिद्ध करून दाखवावे. १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये तसा कायदेशीर नियम झाला. रायझरवर आणीबाणीच्या झडपा बसवण्याची सक्ती तर १९८९ मध्येच झाली होती. (९/११)

मुंबई हायचे उत्पादन १९७६ चे, पायपरचेही १९७६ चे; दोन्ही एकाच पिढीची लेकरे. तरीही एकाचा धडा दुसऱ्यापर्यंत पुरता पोहोचला नाही. मुंबई हायवर झडपा होत्या, पण काही वाहिन्या कित्येक किलोमीटर लांबीच्या. झडप मिटली तरी आत साठलेला गॅस आगीला पुरत राहिला. समुद्रातील तेल-वायू उद्योगासाठी आपल्याकडे स्वतंत्र सुरक्षा नियम आले ते २००८ मध्ये, दुर्घटनेनंतर तीन वर्षांनी. दोष 'बोटा'वर टाकला की हा विलंब दृष्टीआड होतो. (१०/११)

मे २०२१. तौक्ते चक्रीवादळाचे इशारे काही दिवस आधीपासून होते. मुंबई हायच्या परिसरात 'पी-३०५' या बार्जवर २६१ माणसे होती. नांगर तुटले, बार्ज वाहत जाऊन एका प्लॅटफॉर्मवर आदळली आणि १७ मे रोजी बुडाली. ती आणि 'वरप्रदा' ही टग मिळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलिसांत गुन्हा दाखल झाला तो बार्जच्या कप्तानाविरुद्ध. कप्तानाचा निर्णय चुकला असेलही. पण वादळाच्या वाटेवर, मोकळ्या समुद्रात, २६१ माणसांनी नांगराच्या भरवशावर थांबावे, इतकी ढिली व्यवस्था एकट्या कप्तानाची असू शकत नाही. (११/११)